वाघ्या घेवड्याचं बी चाचणीला द्यायचं का? आधी काय ठरवून घ्यावं?

वाठारकर | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, रामराम.

वाठार स्टेशन, देऊर, पिंपोडे या आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या (जि. सातारा) पट्ट्यात वाघ्या घेवडा, म्हणजे आमचा राजमा, किती उरलाय ते इकडच्यांना सांगायला नको. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात तांबड्या पट्ट्यांच्या दाण्यांचे फोटो आले. शिवारात मात्र सोयाबीनच पसरत गेलं. घेवडा लावणाऱ्यांतही बरेचजण राहुरीच्या 'वरुण'वर गेले. आमच्या भावकीतली आणि आसपासची मोजकी घरं अजून घरचं वाघ्याचं बी धरून आहेत, तेही एक-दोन एकराच्या आत.

आता एका संशोधन संस्थेचे लोक येऊन गेले. त्यांचं म्हणणं असं : प्रत्येक शेतकऱ्याला घेवड्याच्या तीन वाणांच्या पुड्या देणार. वाणाचं नाव सांगणार नाहीत, नुसतं अ, ब, क. शेजारी आपलं घरचं बी पेरायचं. खत, कोळपणी, फवारणी आपल्या नेहमीच्या पद्धतीनं. मग फुलोरा, तांबेरा, शेंगा, उतारा, शेवटी शिजवून चव, या प्रत्येक बाबतीत एवढंच सांगायचं की तिन्हीत सगळ्यात चांगला कुठला आणि सगळ्यात खराब कुठला. बदल्यात त्यांना प्रत्येक घरचं अर्धा किलो बी हवंय. काही दिल्लीच्या जनुकपेढीत (बियांच्या बँकेत) ठेवणार, काही पुढच्या पैदाशीसाठी.

घरात दोन तट पडलेत. आमचे वडील म्हणतात, "बी मागायला आलेला माणूस परत तोंड दाखवत नाही." त्याला कारण आहे. मागं असंच कुणीतरी येऊन बी नेलं, बांधावर फोटो काढले, आणि त्या बियाचं पुढं काय झालं ते आजवर कळलेलं नाही. पुतण्या ॲग्री झालाय, तो म्हणतो, द्यायलाच पाहिजे. एक वर्ष पाऊस फसला आणि बी भुंग्यानं खाल्लं की आपल्याकडचं संपलंच म्हणायचं.

इथं पैदासकार आहेत, वकील आहेत, सातारा-सांगलीचे शेतकरी तर भरपूर. ज्यांनी अशा चाचण्या केल्यात त्यांनी सांगावं : हो म्हणण्याआधी काय काय विचारून घ्यावं?


कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:३२

पहिला मी.

दराचं विचारा, बाकी सगळं नंतर. आमच्या वाळव्यात शेतकऱ्यानं वैविध्य का सोडलं? ऊस घालवला की कारखाना नेतो, बिल येतं. उसातसुद्धा वर्षानुवर्षं ८६०३२ आणि २६५, तिसरं नाव काढलं तर लोक बघत राहतात. पाणी पाजून पाजून नदीकाठच्या जमिनी खारपड झाल्या, काही रानात आता कुसळ उगवत नाही. हे आम्हाला दिसत नाही असं नाही. पण घेवडा, मटकी, खपली गहू लावा म्हणणारा माणूस बाजारात आपल्याबरोबर उभा राहत नाही. चाचणीत पहिला आलेला वाण व्यापारी कुठल्या भावानं घेणार, हा रकाना त्यांच्या फॉर्मात आहे का?


निव्वळ_वाचक | सोमवार, रात्री ९:४०

वाचतोय. चांगला धागा. वाचनखूण साठवली.


पैदासकार_पुणे | सोमवार, रात्री १०:५५

मी पीक पैदाशीत काम करते (घेवड्यात नाही, गव्हात), त्यामुळे दुसऱ्या बाजूनं लिहिते.

तुम्ही वर्णन केलेली पद्धत नवी नाही आणि थट्टेची तर अजिबात नाही. एका शेतकऱ्याला वीस वाण दिले आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्या म्हटलं तर कंटाळून अंदाजपंचे आकडे भरले जातात. तीन वाण दिले आणि चांगला-वाईट एवढंच विचारलं तर न शिकलेली व्यक्तीही अचूक सांगते, कारण ते डोळ्यानं दिसतं. प्रत्येक घरात तिन्ही पुड्या वेगळ्या असतात. तुमच्याकडचे अ-ब-क आणि शेजारच्याकडचे अ-ब-क एक नसतात. अशा शेकडो छोट्या क्रमवाऱ्या एकमेकींत गुंफून सगळ्या वाणांची मोठी क्रमवारी काढता येते. नाव लपवण्याचं कारणही साधं आहे : 'विद्यापीठाचा वाण' किंवा 'आपला गावठी' हे कळलं की माणूस आधीच मत बनवतो.

निकाराग्वा, इथिओपिया आणि भारत या तीन देशांत मिळून शेतकऱ्यांच्या रानातल्या १२,४०९ प्लॉटचा असा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे गहू होता, इथिओपियात कठीण दाण्याचा गहू, आणि निकाराग्वात चक्क घेवडा, म्हणजे तुमच्या वाघ्याचीच जात. शेतकऱ्यांच्या क्रमवारीला त्या त्या हंगामाच्या हवामानाची जोड दिली, तेव्हा सरसकट शिफारशीपेक्षा नेमकी शिफारस करता आली. संशोधन केंद्राच्या सपाट, भारी, वेळेवर पाणी मिळणाऱ्या रानात पहिला आलेला वाण मुरमाड रानात पहिला येईलच असं नाही, हे आम्ही विद्यार्थी असल्यापासून शिकतो. पण मुरमाड रानात चाचणी घ्यायला जायचं तर जाणार किती ठिकाणी? म्हणून हा मार्ग.

घेवड्याबद्दल एक. हे स्वपरागी पीक आहे, म्हणजे स्वतःच्याच परागावर फळतं. वरुणच्या शेजारी वाघ्या लावला म्हणून वाघ्या लगेच बिघडत नाही, ज्वारी-बाजरीसारखं नाही. उलट भेसळ होते ती खळ्यावर आणि पोत्यात. आणि तुमच्या प्रत्येक घरचं बी हे एकच एक वाण नसतं. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या घरांनी वेगवेगळ्या रानात निवडल्यामुळे त्यात थोडे थोडे फरक असलेल्या कितीतरी ओळी असतात. म्हणून ते प्रत्येक घरचं वेगळं मागतायत. सगळ्यांचं एकत्र करून एक पोतं नेलं असतं तर मी म्हटलं असतं की यांना काम कळत नाही.


माणदेशी | मंगळवार, सकाळी ६:५०

ताईंनी चांगलं समजावलं. माझा अनुभव ज्वारीचा.

आमच्या माण-खटाव-आटपाडीकडं रब्बीची ज्वारी म्हणजे मालदांडी. ती ३५-१ सुद्धा आपल्याच दुष्काळी पट्ट्यातल्या गावरान ज्वारीतून मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात निवडलेली. म्हणजे शेतकऱ्याचं बी आणि शास्त्रज्ञाची नजर हा संसार जुनाच आहे. अजून ती रानातून हटत नाही. नंतर विद्यापीठानं जमिनीच्या खोलीप्रमाणं वाण दिले, हलक्याला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. हे मला पटलेलं काम आहे, कारण एका गावात तिन्ही प्रकारची रानं असतात.

पण माझ्या रानात प्लॉट होता तेव्हाची गोष्ट सांगतो. काढणीला साहेब लोक आले, कणसं तोडून दाण्याचं वजन केलं, वहीत लिहिलं आणि निघाले. कडबा तसाच पडलेला. म्हटलं, साहेब, ह्याचं काय? तर त्याचं वजन करायचं त्यांच्या कागदात नव्हतं. अहो, दुष्काळी सालात आमच्याकडं दाण्यापेक्षा कडब्याच्या पेंढीवर घर चालतं! मी मग आपल्या पद्धतीनं चाचणी केली. दोन्ही वाणांच्या पेंढ्या एकाच गव्हाणीत टाकल्या. एका वाणाचा पाला खाऊन म्हशीनं बोटाएवढे जाड बुडखे तसेच ठेवले, दुसऱ्याचं ताट शेंड्यापासून बुडापर्यंत साफ. दाण्याला पहिला आलेला वाण बुडख्याचा होता. घरातल्यांनी भाकरी करून बघितली, पीठ थापताना चिरा पडतात का, सकाळची भाकरी संध्याकाळी कशी राहते. त्यातही क्रम बदलला.

तेव्हा वाठारकर, मला विचाराल तर पहिली अट ही : रकाने कुठले ते पेरणीआधी आपण बसून ठरवायचे. घेवड्यात तुम्ही काय बघता? शिजायला किती वेळ, सालपट सुटतं का, काढणीच्या वेळी पावसात सापडला तर शेंगेत कोंब येतो का. यातलं त्यांच्या फॉर्मात काय आहे?

कृष्णाकाठ, तुमच्या बाजाराच्या रकान्याला माझं अनुमोदन.


वाठारकर | मंगळवार, दुपारी १:१५

@माणदेशी, कोंबाचं अगदी वर्मावर बोललात. मृगात पेरलेला घेवडा गणपतीच्या पुढंमागं काढणीला येतो आणि नेमका तेव्हाच पाऊस धरून बसतो. त्यांच्या कागदावर उतारा आणि रोग होता, हे नव्हतं. लिहून ठेवतो.

आणखी एक मुद्दा, जो बाहेरच्याला सुचत नाही. आम्ही घेवडा लावतो तो मागून रब्बीची ज्वारी घ्यायची म्हणून. घेवडा लवकर रान मोकळं करतो, वाफसा सापडतो. सोयाबीन शंभर-एकशेपाच दिवस रानात बसलं की ज्वारीची पेरणी मागं पडते. चाचणीतला एखादा वाण दोन क्विंटल जादा देऊन पंधरा दिवस उशिरा निघाला, तर तो आमच्या लेखी नापास.


कोयनेकाठची | मंगळवार, दुपारी ३:४०

मी पाटणच्या डोंगरी भागातली. आमच्याकडे नाचणी, वरी, भात.

बहुतेक बाप्येच लिहितायत म्हणून मुद्दाम लिहिते. आमच्या गावात अशीच बैठक झाली ती ग्रामपंचायतीत. खुर्च्यांवर पुरुष मंडळी, माहिती द्यायला तीच. आणि बी कुठं? आमच्या माळ्यावर. कणीस कापायच्या आधी रानात फिरून बियाची कणसं कोण निवडतं, राखेत कोण कालवतं, गाडग्याचं तोंड शेणमातीनं कोण लिंपतं, कुठल्या पोरीला लग्नात दुरडीत कुठलं बी दिलं, हे सगळं ज्यांना माहीत त्या बाहेर चहा करत होत्या. ताई आलेल्या त्या चांगल्या होत्या, दुसऱ्या दिवशी घरोघर आल्या तेव्हा खरी माहिती मिळाली.

चाचणीत पण तसंच झालं. मालकांनी उंच, टपोऱ्या कणसाचा वाण एक नंबर सांगितला. सासूबाईंनी तोच शेवटचा लावला. का, तर मळायला जड, दाणा कणसाला चिकटून बसतो, आणि मळणार आम्ही. फॉर्मवर एकाच माणसाच्या सहीला जागा होती. वाठारकर, घरटी दोन फॉर्म मागा.

दुसरं. "सर्वांत चांगला कुठला" ह्या प्रश्नाला आमच्याकडे एक उत्तरच नसतं. हळवी (लवकर येणारी) नाचणी वरच्या वरकस रानात, कारण पाऊस लवकर गेला तरी पदरात पडते. गरवी (उशिरा येणारी) खाली, जिथं ओल राहते. दोन्ही एकाच घरात, मुद्दाम. एक गेली तर दुसरी. कोल्हापूरच्या केंद्राची फुले नाचणी आमच्याकडे काहींनी लावली, चांगली आहे. पण त्यासाठी हळवीचं बी कुणी टाकून दिलं नाही, आणि तसं सांगणाऱ्याचं ऐकूही नये.


पैदासकार_पुणे | मंगळवार, रात्री ९:२०

कोयनेकाठची, तुमचा प्रतिसाद माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देणार आहे (नाव नाही, त्यात नव्हतंच). दोन फॉर्मचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. आणि प्रत्येक पुडीबरोबर रानाची नोंद हवी : वरकस की खालचं, जमिनीची खोली, आधीचं पीक. ती नसेल तर क्रमवारी निम्मी फुकट जाते.


द्राक्षबाग_तासगाव | मंगळवार, रात्री १०:०५

"शास्त्रज्ञ आणि शेतकरी" म्हटलं की एक देणारा एक घेणारा असं चित्र का येतं कळत नाही. आमच्या तासगावात ते उलटं झालेलं आहे. तास-ए-गणेश हा द्राक्षाचा वाण कुठल्या प्रयोगशाळेत झालेला नाही. बोरगावच्या आरवे यांनी आपल्या थॉमसन सीडलेसच्या बागेतली वेगळी वेल ओळखली, तिच्या काड्या वाढवल्या. मग तो देशभर गेला. शास्त्रज्ञांनी नंतर त्याचा अभ्यास केला.

आणि दाभोलकर सरांचा प्रयोग परिवार विसरू नका. श्रीपाद अच्युत दाभोलकर गणिताचे माणूस, पण त्यांनी द्राक्षवाल्यांना एकच सवय लावली : आपल्या बागेत प्रयोग करा, मोजा, लिहा, दुसऱ्याला सांगा. पानं किती, घडामागं पानं किती, मुळी कुठपर्यंत गेली. म्हाताऱ्या बागायतदारांशी बोललात तर अजून त्या वह्या निघतात.

फक्त एक खोटही सांगतो. तास-ए-गणेश काय, सोनाका काय, माणिक चमन काय, सगळी थॉमसनचीच पोरं. दिसायला वेगळी, अंगातला कमकुवतपणा तोच. अवकाळीचं ढगाळ वातावरण आलं की डाऊनी (केवडा रोग) सगळ्यांना एकदम धरतो आणि फवारण्यांचं बिल सगळ्यांचं एकदम फुगतं. नावं चार असली म्हणजे वैविध्य आहे असं होत नाही. हे वाघ्यावाल्यांनी ध्यानात घ्यावं : घरं मोजकी असली तरी त्यांचं बी खरंच वेगवेगळं असेल तर ते सोन्यासारखं.


कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:३०

वह्या निघतात, पण द्राक्षाला दर होता म्हणून वह्या लिहिल्या गेल्या मालक. असो. मी आपला दराचा टाळ वाजवत राहणार.


वकील_सांगली | बुधवार, सकाळी १०:४५

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण तारखेला जायचंय.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. कलम ३९ वाचा. शेतकऱ्याला संरक्षित वाणाचंसुद्धा बी साठवायचा, पेरायचा, पुन्हा पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि विकायचाही हक्क आहे. फक्त छापील ब्रँड लावून विकता येत नाही. २०१९ मध्ये गुजरातेत चिप्सच्या बटाट्यावरून शेतकऱ्यांवर दावे झाले होते, देशभर ओरड झाल्यावर ते मागे घेतले गेले. तेव्हा ह्याच कलमाचं नाव सगळीकडे झालं.

याच कायद्यात 'शेतकऱ्यांचा वाण' म्हणून नोंदणी करता येते, गटाच्या नावानंही, आणि शेतकऱ्याला त्याची फी नाही. पुढे कुणी तुमच्या वाणापासून नवा वाण काढून नोंदवला तर लाभात वाटा मागायची तरतूद आहे. पण मूळ बी कुणाचं, हे कागदावर असेल तरच.

भौगोलिक मानांकनाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. ते नावाचं संरक्षण आहे, बियाचं नाही. वाघ्याचं बी उद्या कुणी दुसऱ्या राज्यात नेऊन पेरलं तर मानांकन त्याला अडवत नाही, फक्त तिथला माल ह्या नावानं विकायला अडवतं.

तिसरं, जैवविविधता कायदा, २००२. तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असणारच. लोक जैवविविधता नोंदवही काढायला लावा आणि बी देण्याआधी त्यात वाघ्याची, घरागणिक, नोंद करून घ्या. बी देताना एक पानी पत्र : कुणी दिलं, किती दिलं, कशासाठी दिलं, दुसऱ्याला द्यायचं तर आमची लेखी संमती. त्यावर त्यांची सही-शिक्का. वडिलांची तक्रार याच कागदानं मिटेल.


खपलीची_खीर | बुधवार, दुपारी १२:२०

मिरजेहून. आमच्याकडं सणाला खपलीची खीर असते म्हणून हे नाव घेतलंय. खपलीचा पण वाघ्या होणार असं वाटत होतं, आता शहरात मधुमेहवाल्यांमुळं मागणी आली. पण आज पोत्यावर खपली लिहून काय काय विकतात देव जाणे. पैदासकार ताई गव्हात काम करतात म्हणाल्या, खपलीवर काही सांगा ना. धागाकर्त्यांची क्षमा मागून.


पैदासकार_पुणे | बुधवार, रात्री ९:५०

अवांतर नाही, मुद्द्याला धरूनच आहे. माझा आवडता विषय काढलात, त्यामुळे लांबेल.

गव्हाचा काळा तांबेरा (खोडावरचा) ही जगातल्या सगळ्यात जुन्या रोगांतली गोष्ट. त्याची बुरशी सारखं रूप बदलते, म्हणून कुठली जात आली आहे ते ओळखायला ठरावीक गव्हांचा संच लावतात, कुठल्या गव्हावर रोग येतो, कुठल्यावर नाही, त्यावरून जात ठरते. अमेरिकेत १९२२ मध्ये बारा गव्हांचा असा संच प्रसिद्ध झाला. त्या बारांत एक नाव 'खपली'. आपलीच, भारतातून गेलेली. ती संचात असण्याचं कारण तिच्यावर सहसा रोगच येत नसे.

पुढे ऑस्ट्रेलियात खपलीचा संकर साध्या गव्हाशी करून 'खपस्टीन' नावाचा गहू झाला. खपलीतून आलेल्या प्रतिकारक जनुकांना आज एसआर-१३, एसआर-१४ असे क्रमांक आहेत. १९९८-९९ च्या सुमारास युगांडात 'यूजी-९९' नावाची तांबेऱ्याची भयंकर जात सापडली आणि जगभरातले गहू तिच्यापुढे एकामागून एक नापास व्हायला लागले, तेव्हा जी थोडी जनुकं उभी राहिली त्यांत एसआर-१३ होतं. दाण्याला साल चिकटलेली म्हणून कांडायला त्रास, उतारा कमी, म्हणून आपण जिला बांधाकडेला ढकललं, तिच्यातला हा ठेवा.

आता वाठारकरांच्या वडिलांचा प्रश्न इथे लावा. ज्या शेतकऱ्यांनी ती खपली राखली होती त्यांचं नाव कुठल्या यादीत नाही. तेव्हा कायदाच नव्हता. म्हणून वकीलसाहेबांचा एक पानी कागद मला फार महत्त्वाचा वाटतो. पण त्याच वेळी, ते बी गेलंच नसतं तर ते जनुक आज कुणाला माहीतही नसतं. आपल्या महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, तिथल्या थंड-दमट हवेत तांबेरा पोसतो म्हणून नवे वाण तिथे तपासले जातात. म्हणजे रोगही आपल्याकडे, त्याचा उतारही आपल्याकडे, आणि दोन्ही एकाच जिल्ह्याच्या आसपास!

खपलीच्या सुधारित जातीही आहेत. पुण्याच्या आघारकर संस्थेची एमएसीएस २९७१ ही बुटकी, न लोळणारी. धारवाडच्या डीडीके मालिकेतल्या. पोत्यातली खपली खरी की खोटी याची साधी परीक्षा : बी म्हणून घेताना सालासकट घ्या. मळल्यावर सुटा दाणा न होता कुसाची जोडदाणी टोपणं राहिली तर खपली. गिरणीतून आलेल्या दाण्यावरून किंवा रव्यावरून मात्र मलाही सांगता येणार नाही.


डिग्रज_रोड | गुरुवार, सकाळी ८:१०

विद्यापीठाला नावं ठेवायची फॅशन आहे म्हणून दोन शब्द. सोयाबीनचा फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, आणि फुले किमया, केडीएस ७५३, यातलं केडीएस म्हणजे आमचं सांगलीजवळचं कसबे डिग्रजचं संशोधन केंद्र. कृष्णा खोऱ्यात सोयाबीनला तांबेऱ्याचा मारा जबर. तिथं टिकेल असं निवडत गेले म्हणून हे वाण निघाले आणि मराठवाडा-विदर्भापर्यंत गेले. जिथं रोग जास्त तिथं चाळणी बारीक.

सोयाबीनही स्वपरागी, घरचं बी चालतं. दरवर्षी पिशवी घ्यायची गरज नाही. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात रांगेत मांडून गुंडाळून ठेवा, रोज पाणी शिंपडा, कोंब मोजा. सत्तर आले तर एकरी तीस किलो, कमी आले तर बी वाढवा. वाघ्यालाही हेच करा आणि जनुकपेढीला द्यायच्या आधी नक्की करा. भुंग्यानं पोखरलेलं, न उगवणारं बी देऊन उपयोग नाही.


निव्वळ_वाचक | गुरुवार, दुपारी ४:००

बाळबोध प्रश्न. जनुकपेढीत बी सुरक्षित आहे तर रानात कशाला राखायचं? आणि सगळे वाण मिसळूनच पेरले तर रोग पसरणार नाही असं कुठेतरी वाचलं होतं.


पैदासकार_पुणे | गुरुवार, रात्री ९:१५

जनुकपेढीत बी उणे अठरा अंशांत ठेवतात, तिथे ते वर्षानुवर्षं जगतं पण बदलत नाही. रानात ते दरवर्षी नव्या पावसाला, नव्या रोगाला तोंड देतं आणि तुमची निवड चालू असते. दोन्ही हवं. पेढीलाही जोडपेढी लागते : सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची पेढी हातची गेली, तेव्हा २०१५ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये ठेवलेल्या जोड-बियातून ती पुन्हा उभी करावी लागली.

मिश्रणाचं तुम्ही वाचलं ते बहुधा चीनच्या युनान प्रांतातलं, २००० सालचं. रोगाला बळी पडणारा चिकट भात प्रतिकारक भाताच्या ओळींत लावला, तर त्यावरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी झाला आणि त्याचा उतारा ८९ टक्क्यांनी वाढला. पण लक्षात घ्या, ओळी वेगळ्या होत्या आणि कापणी हातानं, त्यामुळे धान्य वेगळं राहिलं. वाघ्या आणि वरुण एकत्र पेरून एकत्र मळलात तर व्यापारी दोन्हीचा भाव पाडेल. वाघ्याचेच वेगवेगळ्या घरचे लॉट मिसळून एका तुकड्यात लावून बघायला हरकत नाही, दाणा दिसायला एकच. मात्र प्रत्येक घरचं मूळ बी वेगळं ठेवूनच.


माणदेशी | गुरुवार, रात्री ९:४०

बाजरीत तूर, मटकी, हुलगा टाकायचे आमचे आजोबा. तेव्हा युनान माहीत नव्हतं एवढंच.

अजून एक लिहायचं राहिलं. वाघ्या घेवडा मूळचा अमेरिका खंडातला, राजमाच तो. कधीतरी कुणीतरी बी दिलं म्हणून कोरेगावात आला. तेव्हा बियाचं फार सोवळं पाळू नये. हिशेब मात्र पक्का ठेवावा.


वाठारकर | रविवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. आज बैठक झाली. इथलं बरंचसं कागदावर काढून घेऊन गेलो होतो.

कोंब, शिजण्याचा वेळ आणि रान कधी मोकळं होतं हे तीन रकाने त्यांनी लगेच घेतले. त्यांच्यातले एक ज्येष्ठ तर म्हणाले, हे आम्हालाच सुचायला हवं होतं. घरटी दोन फॉर्म मान्य, पण दुसरा भरून घ्यायला महिला कार्यकर्ती मिळेल का याची खात्री दिली नाही. तेव्हा ते काम आमची सून आणि बचत गटातल्या दोघी करणार. प्रत्येक लॉटला जनुकपेढीत क्रमांक मिळतो, तो देणाऱ्या घराला लेखी कळवायचा, आणि पुढं आमचं बी बिघडलं तर त्याच क्रमांकावरून परत मागता यावं, हे पत्रात घातलंय. निकाल गावात येऊन मराठीत वाचून दाखवायचा, काढणीनंतर, ज्वारीच्या पेरणीची गडबड सरल्यावर.

दराबाबत कृष्णाकाठ जिंकले. तो रकाना आमच्या हातात नाही, असं संस्थेचे लोक म्हणाले. व्यापाऱ्याला तिन्ही वाणांचे नमुने दाखवून तो काय भाव सांगतो ते लिहून घेऊ एवढं कबूल केलं. खरेदीची हमी वगैरे काही नाही. दोन घरांनी त्यावरून अंग काढून घेतलं आणि मी त्यांना आग्रह केला नाही.

वडिलांनी पत्र दोनदा वाचून घेतलं, सही कुणाची ते विचारलं. बी देतायत, पण अर्धा किलो नाही, पाव किलो. बाकीचं पुढच्या साली, निकाल सांगायला आले तर, असं त्यांनी तोंडावरच सांगितलं. ते लोक हसले आणि हो म्हणाले.


वकील_सांगली | रविवार, रात्री ९:०५

पाव किलोची अट पत्रात घाला. तोंडी ठेवू नका.


कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:२०

जिंकून काय करू, घेवडा पाठवा दोन किलो. वाघ्या, वरुण नको. भाव तुम्ही सांगाल तो.


कोयनेकाठची | सोमवार, सकाळी ७:३०

सूनबाईंना माझा निरोप : फॉर्म भरताना घरातल्या म्हाताऱ्या बाईला एकटीला गाठा, मुलगा समोर असला की ती "त्यालाच विचारा" म्हणते. आमच्या फॉर्मची कोरी प्रत माझ्याकडे आहे, मळणीचा रकाना हातानं वाढवलेली. फोटो काढून इथं टाकते.

@खपलीची_खीर, सालासकट खपलीचं बी कुठं मिळेल? आमच्या खालच्या रानात यंदा थोडी लावून बघायची आहे.


खपलीची_खीर | सोमवार, सकाळी ११:५०

माझ्याकडं चार-पाच किलो निघेल. विकत नाही, बदल्यात हळवी नाचणी द्या. गोणपाटातली उगवण बघून मगच सांगते.